घरची मैलाटाकी आणि तिची निगा

परसात जमिनीखाली एक टाकी आहे, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते. तीत काय चालते, हे मात्र त्यांच्या वडीलधाऱ्यांसही क्वचितच सांगता येते. विषय ओंगळ, म्हणून तो बोलू नये अशी आपली रीत पडली आहे. परंतु जे आपण पाहत नाही ते दुसऱ्या कोणास तरी पाहावे लागते, आणि कधी कधी त्यापायी प्राणासही मुकावे लागते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

ही टाकी फार जुनी नव्हे. फ्रान्समधील झां-लुई मूरास याने आपल्या घरासाठी अशी एक टाकी बांधली व १८८१ साली तिचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडातील एक्झेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन या इंजिनिअराने त्याच तत्त्वावर टाकी बांधून तिला ‘सेप्टिक टँक’, म्हणजे कुजविणारी टाकी, असे नाव दिले. मुंबईसही हे ज्ञान लवकरच पोहोचले. माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ साली अशाच टाकीतून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला होता.

टाकीत पाणी एक-दोन दिवस स्थिर राहते, आणि सारे कार्य या स्थिरतेनेच घडते. जड भाग तळाशी बसून त्याचा गाळ होतो. तेल-तूप व हलका भाग वर येऊन दुधावरच्या सायीसारखा जाड थर धरतो. मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढच्या नळीने शोषखड्ड्यात जाते. त्या नळीचे तोंड साय व गाळ यांच्या मधोमध उघडते; ती मोडली तर घाण थेट बाहेर पडते. गाळात असंख्य सूक्ष्म जंतू हवेवाचून राहतात व मैल्याचा काही भाग कुजवून त्याचा वायू करतात. तो वायू निघून जाण्यासाठी उंच नळी असते. तिच्या तोंडास बारीक जाळी बांधलेली नसेल तर तीच डासांची वाट होते.

हे जंतू आपले विनावेतन चाकर आहेत, आणि त्यांस जगू देणे हीच निगेतील अर्धी गोष्ट होय. शौचालयात ॲसिडाच्या बाटल्या ओतणाऱ्या घरांची टाकी लवकर का भरते, याचे नवल वाटावयास नको. कापड, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, तळणीचे तेल यांपैकी काहीही तीत जाऊ नये; पागोळ्यांचे पाणी तर मुळीच नको, कारण त्याच्या लोंढ्याने बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. बाजारात टाकीसाठी भुकट्या मिळतात. आमच्या मते त्यांवर पैसा खर्चू नये; लागणारे जंतू मैल्याबरोबर रोजच येतात, आणि कोणत्याही भुकटीने उपसा चुकत नाही.

भारतीय मानकानुसार घरगुती टाकीत निदान १,००० लिटर पाणी मावावे, पाण्याची खोली निदान १ मीटर असावी व लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा. कोकणातील जांभ्यातून पाणी भराभर झिरपते, तेव्हा तेथे विहीर जितकी दूर तितके बरे. काळ्या जमिनीची अडचण निराळी: ती पावसाळ्यात फुगून पाणी शोषीनाशी होते, आणि आषाढात टाकी तुंबते. दोष टाकीचा नसतो, मातीचा असतो.

गाळ व साय मिळून पाण्याच्या खोलीचा अर्धा ते दोनतृतीयांश भाग व्यापू लागले की टाकी उपसावी. घरगुती टाकीस हे दोन-तीन वर्षांत होते. पाणी तुंबेपर्यंत वाट पाहणे ही आपली सार्वत्रिक चाल; तोवर गाळाने शोषखड्ड्याची छिद्रे बुजलेली असतात, व तो नवा करण्याचा खर्च उपशाच्या कितीतरी पट येतो. वाई नगरपालिकेने २०१८ साली गावातील टाक्या दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसण्याची योजना सुरू केली. सिन्नर येथेही तीच पद्धत घेण्यात आली. तक्रारीची वाट न पाहता गाडी दारी यावी, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. टाकीतील वायूत मिथेन असतो, तो ठिणगीने पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, तो जीव घेतो. थोडा असता त्यास कुजक्या अंड्याची घाण येते. परंतु प्रमाण वाढले की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे आत उतरणाऱ्यास वाटते. एक जण कोसळतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत असे दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मरणारे बहुधा ठरावीक जातींतलेच असतात, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला असून पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. मृताच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरविली होती. ती २०२३ साली तीस लाख केली. ‘शंभर-दोनशे जास्त घे, पण उतर’ असे म्हणणारा घरमालक या कायद्यातून सुटत नाही.

उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे, मुलांस दूर ठेवावे, जवळ विडी-काडी पेटवू नये, वाकून आत पाहू नये. कोणी आत पडलाच तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलास बोलवावे. गाडीवाल्यास मैला कोठे ओतणार, हे अवश्य विचारावे. ओढ्यात ओतणार असेल तर गाडी परत पाठवावी. तळाचा थोडा गाळ विरजणासारखा राहू द्यावा, टाकी साबणाने घासू नये. आणि झाकणावर फरशी बसविली असल्यास ती उखडून झाकण मोकळे करून घ्यावे; उपशाची तारीख वीजबिलांच्या फाइलीत लिहून ठेवली म्हणजे पुढची पाळी कधी, हे घरातील कोणासही सांगता येते.