बेट्टा की गोल्डफिश?

मुलांना तपासणीसाठी घेऊन येणारे पालक लसीकरण, भूक आणि खोकला यांखेरीज आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला घरात काहीतरी पाळावयाचे आहे. कुत्र्यामांजराला जागा नाही, दम्यामुळे केसाळ प्राण्याची धास्ती वाटते. मग मासे ठेवावेत का? अवश्य ठेवावेत. लगेच दुसरा प्रश्न येतो : गोल्डफिश की फायटर? दुकानदार ज्याला ‘फायटर’ म्हणतो तोच बेट्टा. या निवडीत मुलाची आवड दुय्यम आहे. आपल्या घरात पाणी किती मावते आणि मे महिन्यात ते किती तापते, यावर उत्तर अवलंबून आहे.

गोल्डफिश हा कार्प कुळातील, थंड पाण्याचा मासा. चीनमध्ये त्याची पैदास हजार वर्षांपूर्वीपासून होत आली. दुकानात बोटाएवढे दिसणारे ते पिल्लू पुरेशा पाण्यात वीतभर वाढते आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगते. इंग्लंडमधील ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. तो १९९९ साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन मेला. असा दीर्घायुषी जीव आपल्याकडे वाढदिवसाला येतो आणि पंधरवड्यात पाण्यावर उलटा तरंगतो, याचे कारण काय?

कारण समजण्यास नवजात बालकाची कावीळ आठवावी. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत यकृतातील विकर पुरेसे कार्यक्षम नसते, म्हणून बिलिरुबिन साचते. नव्या मत्स्यपेटीचेही तसेच आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो पचविणारे ‘यकृत’ म्हणजे वाळू-खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. ही वसाहत बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण तर पहिल्याच दिवशी मासे सोडून मोकळे होतो. त्यातही नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्याने निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांविषयी आपण पाठ्यपुस्तकात वाचले, तोच हा विकार. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तितकीच करतो. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो : वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि अमोनिया अधिक विषारी रूपात येतो. पांडेसऱ्यातील पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत उन्हाळ्यात काय होत असेल, हे सांगावयास नको. त्याला किमान ऐंशी लिटर पाणी, फिल्टर आणि हवेचा पंप हवा. एवढी पेटी काच-खड्यांसह शंभर किलोंच्या आसपास जाते. ती शोकेसच्या फळीवर ठेवू नये. ‘आठ सोनेरी आणि एक काळा’ असे नऊ मासे दोन फुटी पेटीत कोंबण्याचा फेंगशुईचा सल्ला तर माशांच्या मुळावरच येतो. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहातही हे दृश्य दिसते! गोल काचेच्या भांड्याबद्दल काय बोलावे? रोम शहराने २००५ साली अशा भांड्यात मासे ठेवण्यास बंदीच घातली.

बेट्टा मूळचा थायलंडचा, भातशेतीच्या उथळ, कोमट पाण्यातला. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीदार श्वसनेंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तो थेट हवा घेतो. चोवीस ते अठ्ठावीस अंश त्याला मानवतात, म्हणजे वर्षातील बराच काळ आपल्या खोलीचेच तापमान. थंडीतल्या रात्री मात्र तो मलूल होतो. तेव्हा छोटा हीटर लावावा, पण तो मुलांच्या हाताला लागू देऊ नये आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

हवा घेतो म्हणून तो पेल्यात जगतो, हा समज चुकीचा. अमोनिया त्यालाही भाजतोच. एक घनफुटाच्या पेटीत सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी मावते. एका बेट्ट्याला ते उत्तम. वर झाकण हवे, कारण तो उडी मारतो. नर एकच ठेवावा. दोन नर मरेपर्यंत भांडतात. मुलांनी आरसा दाखवून त्याला सतत खिजवू नये. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यास दुकानात थेंब मिळतात. बहुधा त्यांत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे कापड-प्रक्रियेत काम केलेल्यांच्या ओळखीचे ‘हायपो’ असते. मात्र गिरणीतली पूड घरी आणून टाकू नये.

खाणे हा आमच्या विषयातला जुना वाद. ‘खातच नाही हो’ म्हणणारी आई माशालाही भरवत बसते! त्याचे पोट डोळ्याएवढे. दोन-तीन दाणे दोन वेळा पुरेत. लग्नसराईत उधन्याहून गाडी धरून आपण चार-पाच दिवस खानदेशात गेलो, तर निरोगी प्रौढ बेट्टा उपाशी राहू शकतो. शेजाऱ्याने मायेने मूठभर दाणे टाकणेच अधिक घातक.

डॉक्टर मित्रांसाठी दोन गोष्टी. हातावरची गाठ वा व्रण नेहमीच्या प्रतिजैविकाने आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर घरी मत्स्यपेटी आहे का, हे विचारावे. मायकोबॅक्टेरियम मरिनम तेथून येतो. आणि घरात उरलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल पेटीत रिकाम्या करणाऱ्यांना रोखावे. लहान मुलांना पेटीत हात घालण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. हाताला जखम असेल तर ते काम मोठ्यांनीच करावे. कंटाळा आला म्हणून मासे तापीत किंवा तळ्यात सोडू नयेत.

थोडक्या जागेच्या घरासाठी, अशा रीतीने, माझा कौल बेट्ट्याला. परंतु तो दोन ते चार वर्षेच जगतो, हे आधी ध्यानी घ्यावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेलेला जीव परत येत नाही, हे नुकतेच उमगू लागलेले असते. तो शाळेत असताना तशाच रंगाचा दुसरा मासा गुपचूप आणून सोडू नये. ‘झोपला’ असेही सांगू नये. काही मुले मग स्वतः झोपावयास घाबरतात. ‘मेला’ म्हणावे, त्याला रडू द्यावे, आणि कुंडीतल्या मातीत पुरताना त्याला सोबत घ्यावे.