सहा कोटी नाणी आणि डेक्कन क्वीन

मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या लायका कंपनीने एसएल३ हा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा बाजारात आणला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत ६,९९५ डॉलर. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या दराने पाच लाख ऐंशी हजार! तीही नुसत्या बॉडीची. लेन्स वेगळी, आपल्याकडचे कर वेगळे. मग एवढे पैसे मोजून हाती काय येतं? आडवे ९,५२० पिक्सेल, उभे ६,३३६. करा गुणाकार: ६ कोटी ३ लाख १८ हजार ७२०!

सहा कोटी म्हणायला सोपं, पण डोळ्यांपुढे आणायचं कसं? असं करू. एकेका पिक्सेलच्या जागी एकेक रुपयाचं नाणं मांडू. हल्लीचं, दोन सेंटिमीटर व्यासाचं. पहिली ओळ ९,५२० नाण्यांची, म्हणजे १९० मीटर लांब. अशा ६,३३६ ओळी लावल्या की रुंदी १२७ मीटर. झालं की सहा एकरांचं शेत! या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसते रुपये. आणि कॅमेऱ्यात हे अख्खं शेत बसवलंय ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, तीन नाण्यांच्या क्षेत्रफळाहूनही कमी जागेत.

आता ती नाणी उचला आणि एकाला एक चिकटवून रुळांच्या कडेने लावत चला. निघायचं मुंबईच्या सीएसएमटीवरून. १९२ किलोमीटरवर पुणे आलं, नाणी संपली नाहीत. परत फिरा, मुंबई आली, तरी संपली नाहीत. डेक्कन क्वीनने पुण्याच्या तीन खेपा जाऊन-येऊन पुऱ्या करा, चौथ्यांदा निघा, थेट कल्याण गाठा. तिथे शेवटचं नाणं! एकूण १,२०६ किलोमीटर. हा सगळा प्रवास एका फोटोचा, बरं का.

आणि कॅमेरा घ्यावा की न घ्यावा, ते याच रुळांवर ठरतं. फोटो काढून आपण बघतो कुठे? बहुतेक वेळा फोनवर. उभ्या धरलेल्या साध्या फोनच्या रुंदीत १,०८० ठिपके असतात, म्हणजे आपला फोटो उरला १,०८० बाय ७२०. पावणेआठ लाख ठिपके! नाण्यांच्या रांगेत मोजलं, तर सीएसएमटीहून निघालो आणि कुर्ल्यालाच उतरलो. पाच लाख ऐंशी हजारांचं तिकीट काढून कुर्ला! घरच्या फोर-के टीव्हीवर लावला तर सत्तर लाख ठिपके दिसतील. म्हणजे कर्जत मागे टाकलं, घाट चढलो, लोणावळ्याच्या जरा पुढे पोचलो. अजून पहिल्या खेपेचं पुणंही आलेलं नाही. पूर्ण प्रवास घडतो तो कागदावर. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने पावणेबत्तीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच प्रिंट काढा, की सहा कोटींतला एकेक ठिपका कामाला लागतो. म्हणून माझं मत पक्कं आहे. भिंतीवर लावायला, प्रदर्शनात मांडायला, किंवा दूरवरचा पक्षी कापून मोठा करायला फोटो हवा असेल, तरच साठ मेगापिक्सेलच्या, म्हणजे सहा कोटी पिक्सेलच्या, वाटेला जावं.

त्यातही लायकाच का? सोनीचा ए७आर ५ हा ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०२२ मध्ये सुमारे ३,९०० डॉलरला आला. त्याच ८३च्या दराने सोनीकडे एका रुपयाला १८८ पिक्सेल, लायकाकडे १०४. नाण्यांचं शेत जवळजवळ तेवढंच, भावात अडीच लाखांचा फरक! हा फरक आकड्यांत सापडायचा नाही. तो आहे घडणीत, धातूच्या अंगात, आणि लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या ज्या छोट्या कॅमेऱ्याने १९२५ पासून ३६ बाय २४ची ही चौकट जगभर रुजवली, त्याच्या घराण्यात. दुकानात जा, दोन्ही हातात धरा. हाताला अडीच लाखांचा फरक जाणवला तर जरूर घ्या. नाही जाणवला, तर त्या पैशांत उत्तम लेन्स येते, आणि मी तरी लेन्सच घेईन.

घेतलाच, तर एकदा शटर दाबून धरा! एसएल३ सेकंदाला १५ पर्यंत फोटो काढतो. म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी पिक्सेल. मांडा नाणी! एका सेकंदात अठरा हजार किलोमीटर. मुंबई-पुणे नव्वदहून जास्त वेळा, एका सेकंदात! दुसऱ्या सेकंदाला छत्तीस हजार. आणि सव्वादोन सेकंद पुरे व्हायच्या आत विषुववृत्ताला, साऱ्या पृथ्वीला, रुपयांचा वेढा पडलेला! एवढं सगळं साठवायचं आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या हिशेबात वेगवान कार्ड आणि दणदणीत हार्ड डिस्क आधीच धरून ठेवा.