पहिली रायफल: दुकानातले समज आणि खरं काय

न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला जायचं असेल तर रायफल घेऊच नका, कारण तिथे हरणासाठी ती चालतच नाही. धनुष्यबाण, शॉटगन किंवा तोंडाकडून ठासायची बंदूक, एवढंच कायद्यात बसतं. अमेरिकेतला बराच मराठी माणूस ज्या राज्यात राहतो तिथलीच ही गोष्ट, तरी पहिली बंदूक घेणारा प्रश्न कुठला विचारतो? "सगळ्यात चांगली रायफल कुठली?" त्याआधीचा प्रश्न असा की शिकार कुठे करणार.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रायफल चालते, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही. दर गोळीला हाताने बोल्ट किंवा लिव्हर ओढावी लागते. ओहायोत तर काडतुसाचा आकारही ठरलेला आहे. पुढे निमुळतं होणारं बाटलीसारखं काडतूस हरणाच्या सीझनला बाद, सरळ भिंतीचं हवं. त्याच बाजारासाठी विंचेस्टरने २०१९ साली .३५० लीजंड आणलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे, कारण मेलेल्या जनावरातलं शिसं पोटात जाऊन तिथली काँडर गिधाडं मरत होती. तिथे तांब्याची गोळी घ्यावी लागते, आणि ती आपल्या नळीतून कशी जाते हे आधी मारून पाहावं लागतं. म्हणून आधी राज्याच्या वन्यजीव खात्याचं नियमांचं पुस्तक वाचायचं आणि मगच दुकानाची पायरी चढायची.

"ग्रीन कार्ड असल्याशिवाय बंदूक मिळत नाही." हा समज आपल्या लोकांत घट्ट बसला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने सहसा मनाई आहे, पण त्याच कायद्यात एक अपवाद आहे: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर मनाई लागू होत नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना तो परवाना आणि राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. शिवाय राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत आधी खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं. शिकार परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. व्हिसाचा मामला आहे, तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी वकिलाला एक फोन करावा.

आणि यातलं काहीही भारतात लागू नाही. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते.

आता सगळ्यांचा लाडका समज: कॅलिबर मोठं तितकं चांगलं. "घ्यायचीच आहे तर .३०० मॅग्नम घ्या, पुढेमागे एल्क मारायला गेलात तर कामाला येईल," असं सांगणारा प्रत्येक दुकानात एक तरी भेटतोच. तो एल्क बहुधा कधीच येत नाही; खांदा मात्र दर शनिवारी दुखतो.

जिम कॉर्बेट मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. हे .२७५ म्हणजे जर्मन माउझरचं ७×५७ काडतूस. आजच्या हिशेबात ते मध्यम ताकदीचं, हरणाचंच काडतूस आहे. आफ्रिकेत 'करामोजो' बेल या शिकाऱ्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच .२७५ ने. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, आणि येऊ दे. पण तांत्रिक मुद्दा तिथे स्पष्ट दिसतो. बेलने हत्तीच्या कवटीचा अभ्यास केला होता, गोळी कुठे घालायची हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यावरून कुणी आज हत्तीवर .२७५ घेऊन जाऊ नये. कायदाही जाऊ देणार नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला मात्र .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ यांतलं काहीही पुरतं.

जादा ताकदीची किंमत खांदा मोजतो. साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का ढोबळमानाने १० फूट-पाउंड, .३०८ चा १८ च्या आसपास आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या पुढे जातो. रायफल हलकी घ्याल तर आकडा आणखी चढतो. "डोंगर चढायला हलकी बरी" म्हणून साडेपाच पाउंडांची मॅग्नम घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. धक्क्याने दुखापत क्वचितच होते. खरा घोटाळा असा की शरीर त्याची वाट पाहायला शिकतं.

हे पाहायची सोपी रीत आहे. रेंजवर मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि खऱ्या काडतुसांत कुठेतरी एक डमी काडतूस घालायला सांगा, तुम्हाला न दाखवता. चाप ओढला, नुसतीच टिक् झाली, तरी नळीचं तोंड खाली बुचकळलं आणि डोळे मिटले, तर नेम कुठे जात होता ते कळलं. खऱ्या गोळीच्या वेळी हा हिसका धक्क्यातच लपून जातो आणि माणूस रायफलीला नावं ठेवतो.

"महाग रायफल अचूक असते." एके काळी यात तथ्य होतं, कारण नळी आणि चेंबर कुशल कारागीर हाताने जुळवत. १९५८ च्या सॅव्हेज ११० मध्ये निकोलस ब्रुअरने नळी एका मोठ्या नटने आवळायची सोय केली. तेव्हापासून हे जुळवणं स्वस्तात आणि बिनचूक जमू लागलं, आणि पुढे इतरांनीही ती रीत उचलली. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी उरलेलं काम केलं. आज साधारण ४०० ते ६०० डॉलरांत मिळणारी रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अॅक्सिस चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या टाकते. हरणाच्या काळीज-फुप्फुसाचं लक्ष्य सुमारे ८ इंचांचं. म्हणजे १०० यार्डांवर २ इंच पसरणारी रायफलसुद्धा २०० यार्डांवर ४ इंचांतच राहील. फिनलंडची टिका घेतलीत तर बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चापही सुरेख आहे. पैसे असतील तर जरूर घ्या. फक्त ते पैसे सुखासाठी गेले, हरणासाठी नाही, हे माहीत असू द्या.

"गोळी नळीतून निघाल्यावर आधी वर चढते." गोळी तोंडातून सुटल्या क्षणापासून नळीच्या रेषेच्या खालीच पडत असते. स्कोप नळीच्या दीडेक इंच वर बसलेला असतो आणि नळी त्याच्या रेषेकडे किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी नजरेच्या रेषेला खालून गाठते. १०० यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम जुळवलेल्या, .३०८ ची गोळी २०० वर ४ इंच आणि ३०० वर १४-१५ इंच खाली लागते. हे आकडे आपल्या काडतुसांनी कागदावर मारून ताडून पाहायचे. डब्यावरचा तक्ता दुसऱ्याच लांबीच्या नळीचा असतो.

झुडपातून "जड, संथ गोळी सरळ जाते" हेही खोटं. काटकी लागली की कुठलीही गोळी भरकटते. वाट मोकळी नसेल तर चाप ओढायचा नाही.

हिशेब १००० डॉलरांचा असेल तर मी ४५०-५०० रायफलीला देईन, २५०-३०० स्कोप आणि माउंटला, आणि उरलेले काडतुसांना. ३-९ पट मोठं दाखवणारा स्कोप हरणाला भरपूर झाला. डोळा आणि काच यांत साडेतीन इंचांचं अंतर हवं; कमी पडलं तर धक्क्यासरशी स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते. माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचने आवळा, अंदाजाने नको. "रायफलच बिघडली" या तक्रारीमागे पुष्कळदा एक सैल स्क्रू निघतो.

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही, नळी फारशी झिजलेली नसतेच. शिकारी वर्षाला मूठभर गोळ्या मारतो. मात्र १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रेमिंग्टन ७०० रायफली कंपनीनेच परत मागवल्या होत्या, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. विकणाऱ्याला चाप बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर सौद्यात नव्या चापाचे पैसे कापून घ्या आणि गनस्मिथकडून तो बसवून होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.