मोठ्या अक्षरांची आपोआप दुरुस्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकावर इंग्रजी मजकूर लिहीत असता लहान लिपीतले अक्षर डोळ्यांदेखत मोठ्या लिपीत पालटते, तेव्हा पुष्कळांचा असा ग्रह होतो की यंत्राला व्याकरण आपल्याहून अधिक अवगत आहे, आणि म्हणून त्याचा हुकूम निमूटपणे मानल्यावाचून गत्यंतर नाही. हे दोन्ही ग्रह निराधार आहेत.

'वर्ड'मध्ये १९९३ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून असलेली ही सोय अर्थ पाहत नाही. पूर्णविराम आला, त्यामागून मोकळी जागा आली, की नवे वाक्य सुरू झाले असे ती धरून चालते. संक्षेपापुढच्या टिंबाने फसगत होऊ नये म्हणून अपवादांची एक यादी तिच्यापाशी दिलेली असते. परंतु एखाद्या कचेरीचे खास संक्षेप त्या यादीत नसले, तर तेथेही वाक्य संपले असेच ती समजते. बदल होताच कंट्रोल आणि झेड या कळा दाबल्या, तर केवळ ती दुरुस्ती रद्द होते व लिहिलेला मजकूर अबाधित राहतो. शिवाय अपवादांच्या यादीत आपले शब्द दाखल करण्याची पूर्ण मुभा लेखकाला आहे.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही, सबब मराठी लिहिणाराला या प्रकरणाशी कर्तव्य नाही, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. युनिकोडमध्ये लिहिणाराला खरोखरच भय नाही. पण 'कृतिदेव'सारख्या जुन्या फाँटांत देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असल्यामुळे संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो, आणि परिच्छेदाच्या आरंभी संगणक पहिल्या अक्षराला मोठे करावयास जातो. त्या फाँटात लहान 'जी' म्हणजे 'ह' आणि मोठा 'जी' म्हणजे 'ळ'. तेव्हा 'हा अर्ज' असे लिहू पाहणाऱ्या कारकुनाच्या मसुद्यात 'ळा अर्ज' अवतरतो, आणि बोटांचा काडीमात्र दोष नसता शुद्धलेखनाचा ठपका त्याच्या माथी येतो. हा अन्याय मला फार खुपतो, कारण त्याचे मूळ सहसा कोणी शोधीत नाही.

एका अक्षराच्या उंचीने असे काय बिघडणार, असेही म्हटले जाते. कोष्टकाच्या प्रत्येक घरातील पहिले अक्षर मोठे करण्याचा एक स्वतंत्र पर्याय 'वर्ड'मध्ये आहे. तो चालू असता एककाच्या रकान्यात मिलिग्रॅमची खूण लिहिली, तर तिच्यातला लहान 'एम्' मोठा होतो आणि ती खूण मेगाग्रॅमची, म्हणजे एका मेट्रिक टनाची ठरते. हा फरक शंभर कोटी पटींचा आहे. रसायनशास्त्राच्या वाचकाला तीच खूण मॅग्नेशियमची वाटेल. औषधाच्या प्रमाणाचा तपशील भरताना अशी चूक नजरेतून सुटणे मुळीच परवडणारे नाही.

यास्तव संपूर्ण सोयच बंद करावी, असे मात्र नव्हे. प्रत्येक नियमाला स्वतंत्र खूणचौकट आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या वाटेने ऑटोकरेक्टच्या चौकटीत जावे. जुन्या फाँटात लिहिणारांनी वाक्यारंभाची आणि कोष्टके रचणारांनी घरांच्या पहिल्या अक्षराची खूण तेवढी काढावी, आणि हे काम मजकुराला हात घालण्यापूर्वीच करावे.