पदवीचे मोल

‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी एक म्हण आपल्या जिल्ह्यात फार दिवसांपासून चालत आली आहे. कुंडलिका नदीच्या काठी वसलेली ही पेठ व्यापाराने भरभराटीस आली होती. त्या वैभवाची आठवण या म्हणीत साठवलेली आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी आणखी एक म्हण आढळते : ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी.’ पूर्वजांनी उपजीविकेच्या मार्गांची लावलेली ही प्रतवारी होय.

आज ही प्रतवारी पुष्कळ घरांत उलटी झालेली दिसते. घनसावंगीपासून भोकरदनपर्यंत कोणत्याही गावी जा. आपल्या मुलाने शिकावे, पदवी मिळवावी आणि नोकरीस लागावे, हीच आईबापांची इच्छा असते. त्या इच्छेपायी कोणी कर्ज काढतो, कोणी शेताचा तुकडा विकतो. एवढे मोल देऊन मिळवलेली पदवी मनुष्याला सुखाचे जीवन देते काय? हा प्रश्न मोठ्यांचा आहे, असे समजून तुम्ही तो बाजूस सारू नका. आणखी तीनचार वर्षांनी तो तुमच्यापुढे उभा राहणार आहे.

प्रथम ‘सुखाचे जीवन’ म्हणजे काय, ते ठरवून घेऊ. वाडा, मोटार आणि नोकरचाकर म्हणजेच सुख, अशी कित्येकांची समजूत असते; परंतु आपण इतके दूर जाण्याचे कारण नाही. दोन वेळचे पोटभर अन्न, पावसात न गळणारे घर, आजारपणात औषधपाण्याची सोय, मुलांचे शिक्षण, डोक्यावर सावकाराचे ओझे नसणे आणि चार माणसांत मानाने वावरता येणे, एवढे ज्याला लाभले त्याला आपण सुखवस्तू म्हणू.

आता पदवीचा विचार करू. पदवी म्हणजे विद्यापीठाने दिलेली साक्ष. ‘या विद्यार्थ्याने अमुक विषयाचा इतकी वर्षे अभ्यास केला असून तो परीक्षेत उतरला आहे,’ एवढेच ती सांगते. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांच्या पदवीस साधारणतः तीन वर्षे, अभियांत्रिकी आणि कृषी यांच्या पदवीस चार वर्षे, तर डॉक्टर होण्यास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे एक वर्ष धरून साडेपाच वर्षे लागतात.

ही साक्ष मिळवणे आपल्या मराठवाड्यात एके काळी फार कठीण होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे विद्यापीठ हैदराबादेस होते. १९१८ साली स्थापन झालेल्या त्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या गरीब मुलाने घर सोडून तेथवर जावे कसे आणि परक्या भाषेत शिकावे कसे? ही उणीव ओळखूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू केले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्याच शहरात मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ पासून ते बाबासाहेबांचे नाव धारण करते. आज तर खुद्द जालन्यात महाविद्यालये आहेत, आणि मुंबईच्या नामांकित रसायन तंत्रज्ञान संस्थेची एक शाखाही २०१८ पासून येथे चालते. जे आजोबांना दुर्लभ होते, ते नातवंडांच्या दाराशी आले आहे.

काही दारे पदवीवाचून उघडतच नाहीत. डॉक्टर, वकील, माध्यमिक शाळेतील शिक्षक यांना पदवी असावीच लागते. राज्यसेवेची परीक्षा द्यावयाची तर पदवी हवी. याउलट पोलीस शिपायाच्या भरतीस बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे असते, आणि दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे शिकून तारतंत्री किंवा जोडारी होता येते. कोणत्या दाराला कोणती किल्ली लागते, हे आधी पाहावे, हा यातला पहिला धडा होय.

परंतु किल्ली मिळाली म्हणजे दारामागची जागा मिळालीच, असे नव्हे. केंद्र सरकार दरवर्षी लोकांच्या कामधंद्याची पाहणी करते. २०२२-२३ च्या पाहणीत असे आढळले की, देशातील १५ वर्षांवरील जे लोक काम करतात किंवा काम शोधतात, त्यांच्यात दर शंभरी सुमारे ३ जण बेकार होते. मात्र पदवीधर व त्याहून अधिक शिकलेल्यांत हेच प्रमाण दर शंभरी सुमारे १३ होते. म्हणजे शिकलेल्यांत बेकारी अधिक! हे वाचून कोणी म्हणेल, ‘मग शिकावे कशाला?’

पण येथे घाई करू नये. आकड्याचा अर्थ लावताना त्याच्यामागची माणसे पाहावी लागतात. ज्याच्या घरी सायंकाळची चूल दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो करतो. म्हणून पाहणीत तो ‘कामावर असलेला’ ठरतो. त्याला काम आहे, पण सुख आहेच असे नाही. पदवीधर मात्र आपल्या शिक्षणाजोगे काम मिळेपर्यंत वाट पाहतो, आणि घरचे लोक पोटाला चिमटा घेऊन त्याला वाट पाहू देतात. कायमची नोकरी लागल्यावर त्याचे वेतन कमी शिकलेल्यापेक्षा सरासरीने बरेच अधिक असते. तेव्हा पदवी निरुपयोगी आहे, असे हा आकडा सांगत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार झाले आहेत, आणि पुष्कळांजवळ कागद आहे पण कामास येणारे कसब नाही, असे तो सांगतो.

कसब आणि पदवी यांचे नाते पाहण्यास जालन्याबाहेर जाण्याची गरज नाही. आपला जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महाराष्ट्र हायब्रीड बियाणे कंपनी स्थापन केली. सुधारित बियाणे सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या कार्याबद्दल त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संकरित बियाणे तयार होते कसे? कापसाचेच उदाहरण घ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, तिच्यातील पुंकेसर अलगद काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातील पराग तिच्या स्त्रीकेसराच्या टोकास लावायचे. स्त्रीकेसर दुखावला तर कळी वाया जाते. एखादा पुंकेसर राहून गेला तर बी अस्सल संकरित उतरत नाही. हे नाजूक काम मुख्यतः स्त्रिया करतात. त्यांच्या बोटांतील सफाई कोणत्याही महाविद्यालयात शिकवली जात नाही. मात्र कोणत्या वाणाचा कोणत्या वाणाशी संकर करावा, हे ठरवतो तो वनस्पतिशास्त्र किंवा कृषिशास्त्र शिकलेला पैदासकार. त्याच्यावाचून या स्त्रियांचे श्रम आंधळे, आणि या स्त्रियांवाचून त्याचे ज्ञान पांगळे!

तरीही खरे ते बोलले पाहिजे. दोघांचेही काम तितकेच अवश्य असले, तरी दोघांचे घर सारखे चालत नाही. एकाला दरमहा वेतन मिळते, आजारपणाची रजा मिळते; दुसरीला हंगामापुरती मजुरी मिळते, आणि हंगाम सरला की तीही थांबते. श्रमाला प्रतिष्ठा आहे, असे आपण म्हणतो. पण श्रमाला दाम मात्र अजून पुरते मिळत नाही. म्हणूनच शेतात राबणारी माय आपल्या मुलीला म्हणते, ‘बाई, तू शीक.’

आता दुसरी बाजू पाहा. जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. अवर्षणाने गांजलेल्या अनेक गावांपैकी तेही एक होते. १९९६ ते २००२ या काळात तेथे पाणलोट विकासाचे काम झाले. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने मार्गदर्शन केले आणि गावकऱ्यांनी श्रम केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, ओढ्यांत पाणी अडवले. पुढे शेतोशेती शेततळी झाली, ठिबक सिंचन आले आणि द्राक्षांचे मळे उभे राहिले. २०१२ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हाही कडवंचीच्या बागा तगल्या. आज दूरदूरचे शेतकरी हे गाव पाहण्यास येतात.

या सुबत्तेसाठी प्रत्येक शेतकऱ्याला पदवी घ्यावी लागली नाही. म्हणून शिक्षणाचे काम नाही, असे मात्र समजू नका. द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करावी लागते. कोणत्या अवस्थेत किती पाणी द्यावे, ढगाळ हवेत कोणता रोग संभवतो, औषधाचे प्रमाण किती, या सर्वांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. शेततळ्यात किती पाणी शिल्लक आहे आणि ते किती दिवस पुरेल, याचे गणित मांडावे लागते. हा सगळा अभ्यासच होय. फरक इतकाच, की त्याची परीक्षा कागदावर होत नाही, वेलीवर होते. शिवाय त्यांना मार्ग दाखवणाऱ्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांजवळ पदव्या होत्याच. एकाची पदवी शंभरांच्या उपयोगी पडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. कडवंचीच्या शेतकऱ्याजवळ जमीन होती. दुकान घालणाऱ्याजवळ भांडवल असते; जालन्यात भंगार वितळवून लोखंडी सळया बनवणारे कारखाने काढावयाचे, तर त्याहून मोठे भांडवल लागते. पण ज्याच्याजवळ जमीन नाही आणि भांडवलही नाही, त्याने काय करावे? अशा घरातील मुलासाठी विद्या हेच भांडवल. भावांत तिची वाटणी होत नाही, सावकाराकडे ती गहाण पडत नाही. पदवीची खरी गरज श्रीमंतापेक्षा निर्धनाला अधिक असते.

आणि तरीही सुख केवळ पदवीने मिळत नाही, याची साक्ष खुद्द बाबासाहेबांचे चरित्र देते. १९१५ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळवली. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. आसऱ्याला घेतलेली पारशी लोकांची विश्रांतिगृहातली खोलीही त्यांना सोडावी लागली. एवढी मोठी पदवी, पण रात्रीपुरते छप्पर देऊ शकली नाही! मग त्यांचे शिक्षण वाया गेले काय? मुळीच नाही. त्याच विद्येच्या बळावर पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. विद्येने त्यांना स्वतःपुरते सुख दिले नाही. कोट्यवधी लोकांच्या वाटेतील काटे काढण्याचे सामर्थ्य दिले.

मुलींच्या बाबतीतही पदवीचे मोल केवळ पगारात मोजता येत नाही. आपल्या भागात अजूनही कित्येक मुलींचे शिक्षण लग्नासाठी मध्येच थांबवले जाते. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करणे कायद्याने गुन्हा आहे. जी मुलगी महाविद्यालयात जाते, तिला स्वतःचा विचार करण्यास आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्यास अवधी मिळतो. उद्या संकट आले तर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. हेही सुखच नव्हे काय?

तेव्हा पदवी घ्यावी की नाही, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. मात्र विचार करण्याची रीत सर्वांसाठी एकच आहे. मला कोणते काम करावयाचे आहे, आणि त्यास पदवी अवश्य आहे काय? तिला खर्च किती येईल, आणि तो शिष्यवृत्तीने कमी होईल काय? ती मिळवताना माझ्या हाताला आणि बुद्धीला कोणते कसब येईल? नोकरी लागण्यास उशीर झाला, तर दरम्यान मी काय करीन? हे चार प्रश्न विचारल्यावाचून कर्ज काढू नये, आणि हे चार प्रश्न विचारल्यावाचून शाळाही सोडू नये.

खर्चाच्या बाबतीत आता काही वाटा मोकळ्या झाल्या आहेत. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. काम करता करता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. आज शेतात किंवा कारखान्यात गेलेल्याला उद्या पदवीचा मार्ग बंद होत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पदवीधर होईल, कोणी उत्तम कारागीर होईल, तर कोणी जाणता शेतकरी होईल. यांतील कोणताही मार्ग हलका नाही. पण शिकणे मात्र तिन्ही मार्गांवर आहेच. जो शिकण्याचे थांबतो, त्याची पदवी पेटीत पिवळी पडते. आणि जो शिकत राहतो, त्याच्याजवळ पदवी असो वा नसो, गावाला त्याचा आधार वाटतो.