ग्रॅनाइटचें वय आणि कूळ

हंपीस जाऊन आलेल्या श्रोत्यांना तेथील देवळांइतकेच तेथील धोंडेही आठवत असतील. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे ते प्रचंड, गोलसर धोंडे ग्रॅनाइटचे आहेत. बंगलोरच्या नैर्ऋत्येकडील रामनगरच्या टेकड्याही त्याच खडकाच्या. रामनगरास पूर्वीं क्लोजपेठ म्हणत. त्यावरून भूस्तरशास्त्रज्ञांनीं या खडकास ‘क्लोजपेठ ग्रॅनाइट’ असें नांव दिलें. याचा पट्टा दक्षिणोत्तर सुमारें ४०० किलोमीटर लांब आहे. विजयनगरच्या शिल्पकारांनीं ज्या दगडास छिन्नी लावली, त्याचें वय किती आणि त्याचें कूळ कोणतें, हे दोन प्रश्न शास्त्रज्ञांपुढें होते.

खडकावर जन्मतिथि कोरलेली नसते. पण त्याच्या पोटांत घड्याळ असतें. ग्रॅनाइटचा शिलारस थिजत असतां त्यांत झिर्कॉन नांवाच्या खनिजाचे मोहरीहूनही लहान स्फटिक तयार होतात. हा स्फटिक जन्मसमयीं युरेनियमला घरांत घेतो, पण शिशाला दारांतच अडवितो. पुढें युरेनियमचे अणु ठराविक गतीनें फुटून त्यांचें शिसें बनतें. म्हणून स्फटिकांत आज सांपडणारें शिसें बहुतेक सर्व जन्मानंतरचेंच असतें, आणि दोहोंच्या प्रमाणावरून वय निघतें. अमेरिकेंतील बोल्टवुड यानें १९०७ सालीं याच तत्त्वावर खनिजांचीं वयें प्रसिद्ध केलीं.

युरेनियमचे प्रकार दोन. एक ४४७ कोटी वर्षांत निम्मा होतो, दुसरा ७० कोटींत. अर्थात् एकाच घरांत दोन घड्याळें चालतात. दोन्ही एकच वेळ दाखवीत असतील तर साक्ष विश्वसनीय. नसतील तर मध्यंतरीं कांहीं शिसें निसटलें असें समजावें. शिवाय कांहीं स्फटिकांचा गाभा पूर्वींच्या खडकांतून आलेला असतो. तेव्हां गाभा व कड यांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते. या पद्धतीनें क्लोजपेठ ग्रॅनाइटचें वय सुमारें २५२ कोटी वर्षें ठरलें. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढें केवळ बालक. तो अवघा साडेसहा कोटी वर्षांचा.

वय कळलें म्हणून कूळ कळतें असें नाहीं. त्यासाठीं रसायनशास्त्राकडे जावें लागतें. या ग्रॅनाइटच्या कांहीं भागांत मॅग्नेशियम बरेंच आढळतें. हा अंश भूकवचाखालील प्रावरणांतून वर आला असला पाहिजे. उरलेला अंश जुने पट्टिताश्म वितळून झालेला आहे. अशा रीतीनें मातृकुळ व पितृकुळ दोन्ही सांपडलीं. पण त्यांची गांठ कोणीं घातली? एका पक्षाचें म्हणणें असें कीं, समुद्रतळाचा भूपट्ट खंडाखालीं शिरला व त्यांतून निघालेल्या द्रवांनीं वरचें प्रावरण वितळलें. दुसऱ्या पक्षाच्या मतें खोलांतून उष्ण द्रव्याचा स्तंभ वर आला, व म्हणूनच विस्तीर्ण प्रदेश थोड्याच काळांत तापला.

हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि तो केवळ एका खडकापुरता नाहीं. पहिला पक्ष खरा ठरल्यास अँडीज पर्वताखालीं आज चालणारी क्रिया २५० कोटी वर्षांपूर्वींही चालू होती असें म्हणावें लागेल. दुसरा खरा ठरल्यास बाल्यावस्थेंतील पृथ्वीची रीत निराळी होती.

पुरावा मात्र उघडाच आहे. हा प्रदेश कलल्यामुळें दक्षिणेस भूकवचाचा खोल भाग, तर उत्तरेस वरचा भाग दृष्टीस पडतो. दक्षिणेकडून हंपीकडे जाणारा प्रवासी नकळत पृथ्वीच्या पोटांतून पायऱ्या चढत वर येत असतो.