विनाकारण कोंडी

अपघात, टोलनाका किंवा दुरुस्तीचे काम यांपैकी कोणतेही दृश्य कारण नसताना, केवळ एका चालकाने जरुरीपेक्षा जोरात ब्रेक दाबल्यामुळे मागील प्रत्येक वाहन अधिकाधिक मंदावत जाऊन अखेर जी रांग थबकते, तिला आभासी कोंडी म्हणतात.

• जपानमध्ये यूकी सुगियामा व सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ताशी सुमारे ३० किलोमीटर या एकसमान वेगाने चालविण्यास सांगितले (काम एवढेच!), तरीही थोड्याच अवधीत काही मोटारी पार थांबल्या. प्रयोगाचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला.

• वाहने पुढे जातात. कोंडीची लाट मात्र ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकते.

• जोरात ब्रेक दाबावा लागू नये म्हणून पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर : किमान दोन सेकंदांचे, ताशी ९० किलोमीटर वेगास ५० मीटर.